मे महिन्याची सुट्टी: शाळा जे करत होती ते आता घरात कोण करणार?

प्रश्न: आम्ही पुण्यात दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. दोघांचीही नोकरी आहे, माझं आठवड्यातले तीन दिवस घरून काम चालतं. मुलगा बारा वर्षांचा, आता सातवीत जाईल. मुलगी पाच वर्षांची. सासूबाई ६८ वर्षांच्या, त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. सुट्टी लागून आठच दिवस झालेत आणि मुलगा रात्री एकपर्यंत मोबाइलवर असतो, सकाळी अकराला उठतो. दोघांची भांडणं दिवसभर सुरू असतात, सासूबाईंची दुपारची झोप गेली आहे. मी सारखी ओरडते आणि मग रात्री मलाच वाईट वाटतं. आठ दिवस गावी जायचं आहे. त्यानंतर दहावीच्या निकालाची वाट बघणारा पुतण्या आमच्याकडे राहायला येणार आहे. गेल्या जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मुलाचं पंधरा दिवस पोट दुखत होतं. दोघांना महिनाभर शिबिरात घालावं का?

उत्तर: शिबिराकडे नंतर येते. तुमच्या प्रश्नात चार माणसांच्या चार तक्रारी आहेत, पण त्यांचं मूळ एकच आहे. शाळा फक्त शिकवत नाही. ती मुलांना ठरल्या वेळी उठवते, ठरल्या वेळी खायला लावते, मित्र भेटवते, दमवते आणि घरातल्या मोठ्यांना रोज सहा तास मोकळे देते. मे उजाडला की ही सगळी कामं एका दिवसात घरावर येऊन पडतात आणि ती कोणी करायची हे कुणी बोलून ठरवत नाही. न ठरवलेलं काम घरातल्या बाईच्या अंगावर येतं. तुमच्या घरात ते दोघींच्या अंगावर आलं आहे. म्हणून ‘मुलांना गुंतवून कसं ठेवू’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. शाळा करत होती त्यातलं कोणतं काम आता कोण करणार, हे आधी ठरवू.

फ्रिजवर तासातासाचं वेळापत्रक लावू नका. ते सहसा तिसऱ्या दिवशी मोडतं, कारण एक तास चुकला की पुढचे सगळे चुकतात, आणि ते पाळून घेणं हे पुन्हा तुमचंच एक जादा काम होतं. त्याऐवजी दिवसाला चार खुंट्या ठोका. सकाळी साडेसातला उठणं. दुपारी एकला सगळ्यांचं जेवण आणि त्यानंतर दीड ते साडेतीन घरात शांतता. संध्याकाळी साडेपाच ते सात घराबाहेर. रात्री साडेनऊला सगळ्यांचे मोबाइल स्वयंपाकघरात जमा. या चार वेळा हलवायच्या नाहीत. मधला वेळ मुलांचा आहे, त्यात ती लोळली तरी चालेल. एखाद्या दिवशी एक खुंटी निसटली तरी पुढची जागेवर असते, आणि दिवस तिथून परत धरता येतो.

यातली पहिली खुंटी सगळ्यात अवघड आहे आणि बाकीच्या तिघी तिच्यावरच टेकलेल्या आहेत. मुलगा अकराला उठतो म्हणून रात्री दहाला झोप येत नाही, झोप येत नाही म्हणून मोबाइल हातात राहतो. आपण नेमकी उलटी सुरुवात करतो, ‘दहाला झोप’ म्हणून मागे लागतो. झोप हुकमाने येत नाही, उठवणं मात्र आपल्या हातात असतं. तेव्हा उठण्याची वेळ आधी ओढा. अकरापासून साडेसात म्हणजे २१० मिनिटांचं अंतर. दर दोन दिवसांनी अर्धा तास लवकर उठवलं तर सात पायऱ्या होतात, म्हणजे चौदा दिवस. एका फटक्यात साडेसातला उठवलं तर तो दुपारी तीन तास झोपेल आणि रात्र पुन्हा लांबेल. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत वीस मिनिटं बाल्कनीत किंवा गच्चीवर उजेडात जाऊ द्या. दूध तिथेच प्यायला दिलंत तरी चालेल. शरीरातलं घड्याळ सकाळच्या उजेडाने लवकरच्या वेळेकडे सरकतं, नुसत्या हाका मारून नाही. दुपारची झोप वीस मिनिटांच्या वर नको. चारनंतर चहा, कॉफी, कोला बंद.

दोन गोष्टी ध्यानात असू द्या. वयात येताना मुलांचं झोपेचं घड्याळ निसर्गतःच थोडं उशिरा सरकतं, त्यामुळे उशिरा झोप येण्याला आळशीपणा म्हणू नका. पण सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, ती गरज सुट्टीतही बदलत नाही. दुसरी गोष्ट उकाड्याची. मे महिन्यात वरच्या मजल्यांवरच्या खोल्या रात्री अकरापर्यंत तापलेल्या असतात. झोपण्याआधी आंघोळ, पातळ सुती चादर, पंख्यासमोरच्या खिडकीत ओला पडदा, जमेल तर गच्चीवर अंथरूण. पुष्कळ घरांत ‘झोप येत नाही’ याचा अर्थ ‘गरम होतंय’ एवढाच असतो.

आता मोबाइल. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या सूचना अशा आहेत: दोन वर्षांच्या आत पडदा नाहीच, अधूनमधून नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. दोन ते पाच वर्षांना मोठ्यांच्या देखत जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वर्षांना दोन तासांपेक्षा कमी. मोठ्या मुलांसाठी एकच ठाम आकडा नाही. तिथे झोप, खेळ, जेवण आणि माणसं यांतलं काही मोबाइलने खाल्लं का, हे बघायचं. तुमच्या घरात झोप खाल्ली गेली आहे हे उघड आहे.

मुलाशी हे बोलणं रविवारी सकाळी, पोट भरलेलं असताना करा, रात्री साडेबाराला नाही. दिवसाला दोन तास हे तुम्ही ठरवा, ते कधी घ्यायचे हे त्याला ठरवू द्या. अट एकच, चारही खुंट्यांच्या वेळी मोबाइल नसेल. तो ऑनलाइन मॅच खेळत असेल तर मिनिटांऐवजी मॅचेस मोजा. अर्धी मॅच सोडली की त्याचे गुण जातात आणि सोबत खेळणारे मित्र चिडतात. त्यामुळे ‘पाच मिनिटांत बंद कर’ यावर भांडण ठरलेलं. ‘ही मॅच संपायला किती वेळ आहे?’ असं विचारा, तेवढं थांबा, आणि पुढची सुरू होण्याआधी हात पुढे करा. साडेनऊनंतर वायफायचा राउटर बंद. आणि टोपलीत तुमचे दोघांचे मोबाइलही पडायला हवेत. ऑफिसचा फोन येणार असेल तर ‘आज मला साडेदहापर्यंत लागेल’ असं सगळ्यांसमोर सांगून ठेवा. मोठ्यांच्या हातात फोन राहिला तर हा नियम आठवडाभरही टिकत नाही.

पहिले तीन ते पाच दिवस आदळआपट वाढेल, आणि नेमके याच दिवसांत बहुतेक घरं माघार घेतात. चौथ्या रात्री कंटाळून फोन परत दिला तर मुलगा ‘चार दिवस ओरडलं की मिळतो’ हे शिकतो आणि पुढच्या वेळी पाच दिवस ओरडतो. आठवडाभर टिकण्याची ताकद नसेल, समजा ऑफिसात महिनाअखेरची धावपळ असेल, तर सुरुवातच पुढच्या आठवड्यात करा. फोन लपवणं, गुपचूप पासवर्ड बदलणं, फोन आपटणं यातलं काही करू नका. ‘भाजी खाल्लीस तर मोबाइल’ हेही नको, त्याने भाजीची किंमत उतरते आणि मोबाइलची चढते. खेळात पैसे जातात का, यूपीआयचा पिन त्याला माहीत आहे का, अनोळखी माणसांशी बोलणं होतं का, हे मात्र शांतपणे बघून घ्या. आणि नियम लागल्यावरही तो रात्री चोरून फोन घेत असेल तर शिक्षा वाढवण्याआधी तो कशापासून पळतो आहे ते विचारा. उत्तर बऱ्याचदा शाळेत असतं. त्याबद्दल शेवटी लिहिते.

सासूबाईंकडे वळू, कारण त्यांचा प्रश्न सगळ्यात सहज दुर्लक्षिला जातो. आजी घरात आहे म्हणजे मुलांची सोय झाली असं सगळे धरून चालतात. ६८व्या वर्षी पाच वर्षांच्या मुलीमागे आठ तास धावणं हे अंगमेहनतीचं काम आहे, आणि त्यात बारा वर्षांच्या नातवाकडून मोबाइल काढून घेण्याची जबाबदारीही त्यांच्यावर टाकली तर रोज अपमान ठरलेला. मोबाइलची पोलिसगिरी त्यांच्याकडून काढून घ्या. त्यांनी एवढंच म्हणायचं, ‘ते संध्याकाळी आई-बाबांशी बोल.’ हे मुलांसमोर तुमच्या यजमानांनी सांगायला हवं. मुलगा त्यांचा, आई त्यांची, निरोप सुनेने का पोचवायचा?

दीड ते साडेतीन या वेळात आजींच्या खोलीचं दार बंद असेल. मुलाने या वेळात वाचावं, चित्रं काढावीत, लोळावं, मोबाइल सोडून काहीही करावं, फक्त आवाज नको. पाच वर्षांची मुलगी पहिल्याच दिवशी दोन तास गप्प बसणार नाही. स्वयंपाकघरातला टायमर वीस मिनिटांवर लावा, चटईवर तिचे ठोकळे आणि रंग द्या, घंटा झाली की बोलायची मुभा. रोज दहा-दहा मिनिटं वाढवत दीड तासापर्यंत जा. आठवड्यातून एक अर्धा दिवस सासूबाईंना पूर्ण मोकळा हवा, भजनी मंडळ असो, मैत्रीण असो की लेकीकडे चक्कर. त्या दिवशी दुपारी कुणाला तरी घरी थांबावं लागेल, ते महिन्याच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर लिहून टाका. सुट्टीत जेवणाच्या वेळा हलतात आणि रक्तदाबाच्या गोळ्या चुकतात. डॉक्टरांनी सकाळी घ्यायला सांगितली असेल तर गोळीची पट्टी चहाच्या डब्याशेजारी ठेवा. आठवड्यातून एकदा रक्तदाब मोजा. म्हातारी माणसं ‘मला काही होत नाही’ असंच म्हणतात, म्हणून शब्दांवर जाऊ नका. पूजेला बसणं सुटलं, लेकीला फोन करणं थांबलं, पहाटे तीनला जाग येऊन परत झोप लागत नाही, जेवण निम्म्यावर आलं, हे दोन आठवडे दिसलं तर डॉक्टरांकडे न्या.

आता तुम्ही. रात्री अपराधी वाटतं असं लिहिलंत. तुमचा स्वभाव बदलायला मी सांगणार नाही, आधी कामाचा हिशेब करा. एका दिवसात घरात किती वेळा गॅस पेटतो ते मोजा. शाळेच्या दिवसांत तीन वेळा पेटत असेल तर सुट्टीत तो सहज सहा-सात वेळा पेटतो, आणि तेही मीटिंगांच्या मधल्या फटींत. तो दोनवर आणा. सकाळी साडेसात ते नऊ या वेळात नाश्ता आणि दुपारचं जेवण दोन्ही करून ठेवायचं, संध्याकाळी सातनंतर रात्रीचं. चारच्या खाण्यासाठी एक कोरडा डबा आणि एक फळांची टोपली: चिवडा, भाजलेले चणे, शेंगदाणे-गूळ, केळी, कापून ठेवलेलं कलिंगड. पन्ह्याचा गर आठवड्यातून एकदाच करून फ्रिजमध्ये. चार वाजता मुलांनी आपलं आपण घ्यायचं आणि वाट्या घासायला टाकायच्या. बारा वर्षांचा मुलगा दळण आणू शकतो, पाण्याच्या बाटल्या भरू शकतो, वाळलेले कपडे घडी करू शकतो, सगळ्यांची ताटं घेऊ शकतो. पाच वर्षांची मुलगी लसूण सोलते, कोथिंबीर निवडते, चमचे पुसते, हळू पण नीट. या कामांचे पैसे देऊ नका. आपण घराला लागतो हे मुलाला कळणं हेच यातलं देणं आहे.

यजमानांकडून ‘मदत’ मागू नका, अख्खी कामं द्या. मंगळवार आणि गुरुवारचं रात्रीचं जेवण त्यांचं, म्हणजे काय करायचं ते ठरवणं, भाजी आणणं, करणं आणि ओटा पुसणं सगळं. ‘काय करू सांग’ असं विचारलं तर निम्मं ओझं तुमच्याकडेच राहिलं. साडेपाच ते सात मुलांना बाहेर नेणं हे आठवड्यात दोन दिवस त्यांचं, बाकीचे दिवस वाटून. रजाही अशाच वाटा. दोघांकडे आठ-आठ दिवस असतील तर सगळे आठ दिवस एकत्र सहलीला घालवू नका. चार दिवस एकत्र, उरलेले चार-चार वेगवेगळ्या आठवड्यांत एकेक. सुट्टी सहा आठवड्यांची असते आणि घराचा धीर चौथ्या-पाचव्या आठवड्यात सुटतो, सहल तोवर होऊन गेलेली असते.

घरून कामाच्या दिवशी खोलीच्या कडीला लाल रुमाल बांधला म्हणजे आत यायचं नाही, सोडला म्हणजे यायचं, ही खूण पाच वर्षांच्या मुलीलाही कळते. पन्नास मिनिटं रुमाल, दहा मिनिटं मोकळं. दिवसभर रुमाल ठेवलात तर तो कुणी पाळणार नाही.

ओरडणं बहुधा संध्याकाळी सहा ते आठमध्ये होतं. मीटिंग संपलेली असते, पोटात काही नसतं, घर विस्कटलेलं असतं. लॅपटॉप मिटल्यावर पहिली दहा मिनिटं घरातल्या कुठल्याच प्रश्नात पडू नका. पाणी प्या, दोन घास खा, बाल्कनीत उभ्या राहा. तरी ओरडलात तर नंतर एवढंच म्हणा, ‘मी ओरडले ते चुकलं. मोबाइलचा नियम तोच आहे.’ दोन वाक्यं पुरेत. लांबलचक समजावणी, रडणं किंवा अपराधापोटी फोन परत देणं यामुळे मुलाला आईला सांभाळावं लागतं, आणि ते त्याचं वय नाही. थकवा विश्रांतीनेही जात नसेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. चिडचिडीच्या मागे कधी कधी हे साधं कारण निघतं.

आणखी एक सवय सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी आहे. रोज प्रत्येक मुलासाठी पंधरा मिनिटं, आई किंवा बाबा यांच्यापैकी एकाची, एकट्याची. काय करायचं ते मुलाने ठरवायचं. शिकवायचं नाही, चुका काढायच्या नाहीत, प्रश्न विचारायचे नाहीत, तुमचा फोन जवळ नको. पत्ते खेळा, त्याचा तो मोबाइलवरचा गेम त्याच्याकडून शिकून घ्या, मुलीच्या बाहुलीला जेवू घाला. ही पंधरा मिनिटं वागणुकीचं बक्षीस नाहीत, त्यामुळे भांडण झालं त्या दिवशीही ती द्यायची. लक्ष हक्काने मिळायला लागलं की ते भांडून ओढून घ्यायची गरज कमी होते.

भांडणांत न्यायाधीश होऊ नका. कुणी सुरू केलं हे शोधत बसलात की दोघंही वकील होतात. ज्या वस्तूवरून भांडण ती अर्धा तास कपाटावर, दोघं दहा मिनिटं वेगवेगळ्या कोपऱ्यांत, बस्स. मारामारी असेल तर लगेच मध्ये पडा, शब्दांची असेल तर दोन मिनिटं थांबून बघा. मुलगा सात वर्षांनी मोठा आहे म्हणून ‘तू समजून घे’ हे दर वेळी त्याच्याच वाट्याला येत असणार. त्याच्यासाठी एक खण किंवा खोका असा ठेवा ज्याला बहीण हात लावणार नाही. आणि तिला सांभाळणं हे त्याचं रोजचं काम करू नका. अर्धा तास ठीक आहे, दुपार नाही.

‘बोअर होतंय’ ही तक्रार आहे, आजार नाही. वीस-तीस मिनिटं काहीच सुचवू नका. त्या वेळात मूल कुरकुरतं, घिरट्या घालतं आणि मग बहुतेक वेळा आपलं आपण काहीतरी काढतं. एक पेटी भरून ठेवा: पत्ते, सागरगोटे, भोवरा, सुतळी, पुठ्ठे, डिंक, जुनी चादर, स्क्रूड्रायव्हर आणि सेल काढलेलं एखादं बंद भिंतीवरचं घड्याळ. मुलाला ते घड्याळ दोन दुपारी पुरेल. स्क्रू आणि छोटे भाग पाच वर्षांच्या मुलीपासून लांब, आणि घड्याळातून किंवा खेळण्यातून निघालेला बटणसेल तर लगेच उचलून ठेवा. तो गिळला गेला तर तासाभरातही अन्ननलिकेला इजा होऊ शकते, घरी वाट न बघता थेट रुग्णालयात न्यावं लागतं. संध्याकाळचा दीड तास बाहेरचा मात्र कधीच सोडू नका. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी साठ मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. लगोरी, सायकल, डोंगरावर चढणं, पोहणं, काहीही. पर्वती किंवा जवळची एखादी टेकडी सकाळी आठच्या आत होते. साडेदहा ते साडेचार मुलांना उन्हात खेळू देऊ नका.

शिबिर: महिनाभर नको. सहा आठवड्यांतले दोन आठवडे, अर्धा दिवस, आणि ते चौथ्या-पाचव्या आठवड्यात, म्हणजे घराचा दम सुटायच्या सुमाराला. मुलाला त्यातलं काय आवडतं ते त्यालाच निवडू द्या. पैसे भरण्याआधी प्रत्यक्ष जागा बघा. स्वच्छतागृहाचं दार आतून लागतं का, पिण्याचं पाणी कुठलं, एका ताईकडे किती मुलं, मूल कोणाच्या हाती सोपवतात, आपण न सांगता मध्येच डोकावलेलं चालतं का. या शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ उत्तर आलं तर तिथे घालू नका. शिबिर परवडत नसेल तर सोसायटीतली चार घरं मिळून आठवड्यात प्रत्येकी एक सकाळ, दोन तास, सगळ्यांची मुलं एका घरी. तीन सकाळी मोकळ्या मिळतात आणि मुलांना मुलं मिळतात, त्यांना खरं तर तेवढंच हवं असतं.

गावी जाताना औषधं मोजून, दोन-चार दिवस जास्तीची, हातातल्या पिशवीत ठेवा. घरातल्या कुणाला फिट्सची, नैराश्याची किंवा अतिचंचलतेची गोळी चालू असेल तर ‘सुट्टी आहे, थोडे दिवस बंद’ हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही नाही. विहीर, नदी, शेततळं इथे पोहता येणारा मोठा माणूस सोबत असल्याशिवाय मुलं जाणार नाहीत, हे गाडीत बसण्याआधीच ठरवा. शेतातलं कीटकनाशक घरात पडवीला ठेवलेलं असतं, ते कुलपात ठेवायला सांगायला लाजू नका. रात्री कोण कुठे झोपणार हे आधी बघा. घर भरलेलं असलं तरी मुलं तुमच्याजवळ किंवा आजीजवळ. शरीराचे कुठले भाग खासगी असतात, तिथे कुणी हात लावला तर ‘नको’ म्हणायचं आणि लगेच येऊन सांगायचं, माणूस कितीही जवळचा असला तरी, हे दोघांशीही, मुलाशीही, निघण्याआधी बोला. कुणाला जबरदस्तीने मिठी किंवा पापा द्यायला लावू नका. आणि ओसरीवर ‘किती टक्के पडले?’, ‘काय गं, किती वाळलीस’ सुरू झालं की तुम्ही मुलांच्या बाजूने बोला: ‘मार्क त्याने आम्हाला दाखवलेत, आता सुट्टी आहे.’ एवढं हसत म्हणून विषय बदला. आईने सर्वांसमोर आपली बाजू घेतली हे मुलं वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

पुतण्याबद्दल नीट वाचा. निकालाची वाट बघणारं मूल पाहुणं म्हणून येतं तेव्हा ते हसतमुख राहायचा प्रयत्न करतं. रोज ‘निकाल कधी?’ विचारू नका. त्याच्या आईवडिलांशी तो येण्याआधीच बोलून ठेवा. निकालाच्या दिवशी सकाळपासून एक मोठं माणूस घरी असेल, निकाल तो एकटा मोबाइलवर बघणार नाही, आणि पुढचे दोन तास नातेवाइकांचे फोन त्याच्या हातात जाणार नाहीत. मार्क कमी पडले तर पहिलं वाक्य ‘चल, आधी जेवू’ असं असू द्या. गुणपडताळणी करता येते, अनुत्तीर्ण झालं तर जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते, आयटीआय आणि पदविकेचे रस्ते असतात, हे सगळं दुसऱ्या दिवशी, कागदावर लिहून. तो दिवस सांभाळलात तरी पुढचे आठ-दहा दिवस लक्ष असू द्या.

‘मी नसलो तर बरं’ असं बोलणं, जवळच्या वस्तू वाटून टाकणं, अचानक निरवानिरव केल्यासारखं शांत होणं, हातावर कापल्याच्या खुणा, यातलं काही दिसलं तर सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या आणि विषारी वस्तू कुलपात टाका आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे किंवा मोठ्या रुग्णालयात न्या. टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. ती तुमच्यासाठी आणि सासूबाईंसाठीही आहे. मुलाला कुणापासून धोका असेल तर १०९८. कंटाळलेलं मूल आणि खचलेलं मूल ओळखायची साधी खूण म्हणजे मित्र आला, आवडीचं खायला केलं, आंबा कापला की कंटाळलेलं मूल खुलतं. दोन आठवडे कशानेच खुलत नसेल, खाणं-झोप बदललं असेल, मित्रांचे फोन उचलत नसेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या किंवा जवळच्या मनोविकार विभागात दाखवा.

आता पोटदुखी. ती सुट्टीत नव्हती, शाळा सुरू झाल्यावर आली आणि पंधरा दिवसांनी गेली, म्हणजे ती खोटी नव्हती, बहुधा भीतीची होती. भीतीने आतडी खरोखर आवळतात. एकदा बालरोगतज्ज्ञांकडून पोट तपासून घ्या. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ, शौचातून रक्त यांतलं काही नसेल तर पुढे तपासण्यांची रांग लावू नका. दुखतं म्हणून घरी ठेवलं की त्या क्षणी सुटका वाटते, आणि ती सुटकाच दुसऱ्या दिवशीची भीती वाढवते. कारण आत्ताच, मे महिन्यात, निवांत असताना शोधा. डबा खाताना कोण सोबत असतं, बसमध्ये कुठे बसतो, कुठल्या तासाला घड्याळ सरकत नाही, असं विचारा. ‘शाळेत काय झालं?’ याला ‘काही नाही’ हेच उत्तर मिळतं. रोज दहा मिनिटं त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. सहावी झालेला मुलगा वाचताना अजून अक्षरं जुळवत असेल किंवा ओळी गाळत असेल तर प्रश्न अभ्यासाच्या कंटाळ्याचा नाही, त्याची शिकण्यातल्या अडचणींसाठी तपासणी करून घ्यायला हवी.

राज्य मंडळाच्या शाळा साधारण १५-१६ जूनला उघडतात, विदर्भात उन्हामुळे आठवडा-पंधरवडा उशिरा. तुमच्या मुलाची शाळा सकाळची असेल तर त्याला सहाला उठायचं आहे. साडेसातपासून सहा म्हणजे फक्त तीन पायऱ्या, सहा दिवस, म्हणून ८ जूनपासून सुरू करा. झोपण्याची वेळही तशीच मागे येत नऊपर्यंत यायला हवी. १० जूनच्या सुमाराला वर्गातल्या एका मित्राला घरी बोलवा. १२ जूनला संध्याकाळी फिरत फिरत शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन या, आत जायची गरज नाही. दप्तर, बूट, डबा दोन दिवस आधी तयार. बूट घालून बघा, सुट्टीत पाय वाढलेले असतात. आदल्या संध्याकाळी नवीन काही नको, आणि पहिल्या दिवशी पोट दुखलंच तर ‘दुखतंय हे खरं आहे, गरम पाणी पी, आपण निघतोय’ असं म्हणून निघा. वर्गशिक्षिकांना आधीच सांगून ठेवा की फार दुखलं तर त्याने दहा मिनिटं बाहेर बसून परत वर्गात यावं, पण त्याला घरी पाठवू नका. पहिले आठ दिवस बाबांनी सोडायला जावं.